उरल्याचे नाकतोडे, पाच रद्द फेऱ्या

शनिवार, दहा जानेवारी. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. रायपूरच्या खमतराईतल्या नंदेश्वरांच्या घरी जेवणाच्या टेबलावर अंड्यांचे सहा कागदी ट्रे मांडलेले आहेत. प्रत्येक ट्रेत तीस खळगे, प्रत्येक खळग्यात एक नाकतोडा. नाकतोडे मातीचे आहेत, साडेचार सेंटिमीटर लांब. तीन ट्रे तपकिरी, तीन काळे. डॉ. रीना नंदेश्वर काळ्या ट्रेमधला सतरावा नाकतोडा चिमट्याने उचलून लॅपटॉपला जोडलेल्या छोट्या मायक्रोस्कोपखाली ठेवते. अहवालात घालायला तिला एक चांगला फोटो हवा आहे. काळ्या जमिनीवरचा काळा नाकतोडा, तीन दिवस उघड्यावर राहूनही एकाही पक्ष्याची चोच न लागलेला.

पडद्यावर पाठीची माती मोठी होऊन दिसते. तिच्यावर बारीक रेषा आहेत, एकमेकींना समांतर आणि वळणाच्या. त्यांना मधोमध छेदत एक सरळ पट्टी गेली आहे.

रीनाने तो नाकतोडा जागेवर ठेवला आणि अठरावा उचलला. मग एकोणिसावा. पावणेनऊपर्यंत तिने नव्वदच्या नव्वद काळे पाहून संपवले. अडतिसांच्या पाठीवर कोणीतरी अंगठा दाबलेला होता. मग तिने तपकिरी नव्वद पाहिले. त्यात असे पाचच निघाले.

अंगठा कोणाचा, हे शोधावं लागलं नाही. आडवी पट्टी असलेला अंगठा त्या घरात एकच आहे. १९९६ साली रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात पत्र्याची कड लागून धर्मपाल नंदेश्वर यांच्या उजव्या अंगठ्याला पाच टाके पडले होते. धर्मपाल हे रीनाचे वडील. मागच्या तीन फेऱ्यांमध्ये उरल्याचे नाकतोडे तेच गोळा करून आणत होते.

हे मातीचे नाकतोडे कशासाठी, ते सांगायचं तर पाच वर्षं मागे जावं लागतं. रीनाचा धाकटा भाऊ प्रशिक उरला या रायपूरच्या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये पाळीवर होता आणि एक दिवस डबा घरीच विसरला. रीना डबा घेऊन गेली. गेटवर वीस मिनिटं थांबावं लागलं. उरल्यात वर्षभर काळी धूळ बसते. झाडांच्या पानांवर, कुंपणावर, उभ्या ट्रकच्या काचेवर ती असतेच, पण दोन कारखान्यांमधल्या मोकळ्या प्लॉटांवर तिचा बोटभर थर असतो. त्या थरातून रीनाच्या पायाजवळून काहीतरी उडालं आणि दोन हातांवर जाऊन बसलं. बसल्यावर ते दिसेना. तिने चार वेळा ते उडवलं आणि पाचव्यांदा डब्याच्या झाकणाखाली धरलं. नाकतोडा होता, काळपट. असा नाकतोडा तिने पुस्तकात तपकिरी आणि हिरवा पाहिला होता.

घरी आल्यावर तिने तो स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन रंगाच्या ब्रशने धुतला. धूळ गेली, रंग गेला नाही. तिची आई शेवंता यांनी ती वाटी त्यानंतर स्वयंपाकघरात येऊ दिली नाही.

रीनाचा जन्म रेल्वेच्या क्वार्टरमधला. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामाला आले आणि कुटुंब रायपूरचं झालं. शाळा हिंदी माध्यमाची, घरात नागपुरी मराठी. धर्मपालांची इच्छा होती की पोरीने रेल्वेची परीक्षा द्यावी. तिने दिली आणि लेखीत पासही झाली. कागदपत्रं तपासणीच्या दिवशी ती दीडशे किलोमीटरवर जंगलात नाकतोड्यांची अंडी शोधत होती. त्यावरून घरात आठ दिवस कोणी कोणाशी नीट बोललं नाही. गोंदियाची आत्या अजून विचारते, पोट्टी किडे धुण्याची नोकरी करते का? पीएचडी झाल्यावर रीना एका महाविद्यालयात अतिथी व्याख्याता म्हणून लागली. ही नोकरी दर वर्षी नव्याने मिळते किंवा मिळत नाही. उरल्याच्या नाकतोड्यांचा प्रकल्प मात्र तिच्या स्वतःच्या नावावर आहे. तिच्या नावावरचा तो पहिला आणि आजवरचा एकमेव. मुदत तीन वर्षांची, पण पहिल्या वर्षाचं काम समितीला पटलं तरच पुढचं वर्ष. समितीची बैठक मार्चमध्ये होती.

पहिल्या वर्षात तिने दोन गोष्टी तपासल्या. उरल्याचे आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला अभनपूरच्या बाजूचे नाकतोडे आणून त्यांची अंडी उबवली, अर्धी पिल्लं काळ्या वाळूवर वाढवली, अर्धी तांबूस वाळूवर. दोन-तीन वेळा कात टाकल्यावर काळ्या वाळूवरची बरीचशी पिल्लं गडद झाली. आईबाप कुठलेही असोत. पण सगळी झाली नाहीत, आणि उरल्याच्या पिल्लांमध्ये गडद होणारी थोडी जास्त होती. म्हणजे रंग काही अंशी अंगात घेऊनच पिल्लू जन्मतं आणि काही अंशी जमीन पाहून ठरवतं. पुढचा प्रश्न असा की या रंगाने नाकतोड्याचा जीव वाचतो का. कोतवाल, खाटीक आणि साळुंकी हे पक्षी काळ्या जमिनीवर तपकिरी नाकतोडे जास्त टिपतात का? टिपत असतील तर उरल्याची काळी धूळ तिथल्या नाकतोड्यांची जातकुळी बदलते आहे, असं म्हणता येईल.

खऱ्या नाकतोड्यांवर हे पाहता येत नाही. पक्षी खातो आणि उडून जातो, मागे काही उरत नाही. म्हणून मातीचे. लहान मुलं खेळतात ती तेलकट रंगीत माती गोल बाजारातून आणायची, साच्यात दाबायची, प्रत्येक नाकतोड्याच्या पोटातून एक तार खाली काढायची आणि ती जमिनीत रोवायची. पक्षी फसून चोच मारतो, मातीत खळगी पडते, खळग्या मोजायच्या. जागा दोन. एक उरल्यातला काळा प्लॉट, दुसरी अभनपूरकडचा भाठा, म्हणजे तांबूस, खडबडीत, पडीक जमीन. दोन्हीकडे तीस काळे आणि तीस तपकिरी. तीन दिवसांनी दोन्हीकडचे एकाच सकाळी उचलायचे.

नोव्हेंबरमधल्या पहिल्या दोन फेऱ्या रीनाने एकटीने केल्या. दोन जागांमध्ये पस्तीस किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे एकीकडचे नाकतोडे नेहमीच दोन तास जास्त उघड्यावर राहत होते. डिसेंबरात महाविद्यालयात परीक्षांची ड्युटी लागली आणि तेही जमेना. तेव्हा धर्मपाल म्हणाले की उरला तर घराजवळ आहे, तिथले मी आणतो. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. एकतीस वर्षं पहाटे उठण्याची सवय गेली नव्हती.

त्या शनिवारी धर्मपाल वऱ्हांड्यात पेपर वाचत बसले होते. रीना लॅपटॉप घेऊन बाहेर आली आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, हे पाहा बरं."

धर्मपालांनी चष्मा वर केला. पडदा पाहिला, मग स्वतःचा हात उलटा करून पाहिला.

"हा त माहा आंगठा व्हय."

"काळ्याच्या पाठीवर काहून आहे?"

त्यांनी सांगितलं ते असं. तिसऱ्या फेरीच्या पहिल्या दिवशी रीनाच त्यांना म्हणाली होती की बाबा, तुमच्या बोटांचे ठसे मातीवर पडून राहिले, जपून धरा. ते त्यांच्या मनाला लागलं. तेव्हापासून ट्रेमध्ये ठेवण्याआधी ते प्रत्येक नाकतोड्यावरून अंगठा हलकेच फिरवत होते. जिथे उंचसखल लागेल तो आपल्याच बोटाचा डाग, असं समजून तो दाबून सपाट करत होते. चोचीची खूण ठेवायची, हे त्यांना माहीत होतं. तपकिरी नाकतोड्यावर चोच लागली की खळगीत काळी धूळ भरते आणि दुरूनही ठिपका दिसतो. असा एकही ठिपका त्यांनी पुसला नव्हता. काळ्यावर ठिपका दिसत नाही, फक्त बोटाला खळगी लागते.

"चोचीची असती त दिसली असती ना मले," धर्मपाल म्हणाले. "अन् डेंट ठेवून वॅगन फिट कोण देते?"

"बाबा, आपल्याले डेंटच पायजे होता."

आतून शेवंताबाईंचा आवाज आला. "एकतीस वर्षं रेल्वेचे डेंट काढले, आता पाखराईचे काढून राहिले."

धर्मपाल हसले नाहीत. त्यांनी पेपरची घडी केली आणि ती पुन्हा उघडली.

रीनाच्या वहीत त्या तीन फेऱ्यांची बेरीज अशी होती: उरल्यात नव्वद तपकिरी नाकतोड्यांपैकी एकतिसांवर चोचीच्या खुणा, नव्वद काळ्यांपैकी दोनांवर. एवढा स्वच्छ आकडा तिला आजवर मिळाला नव्हता. अहवालाचा पहिला परिच्छेद तिने या आकड्यावर लिहिला होता आणि तो तिला पाठ झाला होता. आता कळलं की त्यातला पक्ष्यांचा वाटा किती आणि अंगठ्याचा किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. दाबून सपाट केलेली खळगी परत उघडत नाही.

दुपारी प्रशिक पाळीवरून आला. सगळं ऐकून घेतलं. त्याला मराठी कळते, उत्तर तो हिंदीतच देतो.

"दीदी, किसको पता चलेगा?"

"मले पता आहे ना," रीना म्हणाली आणि त्याचं ताट वाढायला उठली.

तीन फेऱ्या गेल्या, हे तिने जेवतानाच ठरवलं होतं. पहिल्या दोन उरत होत्या. त्या तिच्या स्वतःच्या हातच्या. तेव्हा ती खुणा तिथेच प्लॉटवर नुसत्या डोळ्यांनी मोजत असे आणि माती पुन्हा मळून साच्यात घालत असे. नमुने जपून ठेवायची पद्धत तिसऱ्या फेरीपासूनची. तिच्या दोन फेऱ्यांमध्येही काळ्यांवर खुणा कमीच होत्या. त्या आकड्यावर संध्याकाळपर्यंत तिचा भरवसा टिकला. मग तिने धर्मपालांचं बोलणं मनात पुन्हा लावून पाहिलं. काळ्यावर ठिपका दिसत नाही. हे त्यांच्या डोळ्यांबद्दल नव्हतं, धुळीबद्दल होतं.

रविवारी तिने परीक्षा घेतली. चाळीस नवे नाकतोडे केले, वीस तपकिरी, वीस काळे. शेवंताबाईंना चिमटा दिला आणि दोन्ही रंगांच्या दहा-दहा नाकतोड्यांवर चोचीसारखी खूण करायला सांगितली. कोणत्या दहांवर, ते फक्त त्यांनी पाहायचं आणि लिहून ठेवायचं. शेवंताबाईंनी दार लावून घेतलं. हाताशी कागद नव्हता म्हणून भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान फाडून त्याच्या पाठीवर यादी केली. मग चाळीसही नाकतोड्यांवर उरल्याहून डब्यात आणलेली धूळ भुरभुरवली आणि दार उघडलं.

आधी धर्मपाल बसले. तपकिरी दहाच्या दहा त्यांनी ओळखले. काळ्यांपैकी तीन.

मग रीना बसली. तिने प्रत्येक नाकतोडा खिडकीच्या उजेडात धरून दोनदा पाहिला. तपकिरी दहापैकी दहा. काळे दहापैकी चार.

शेवंताबाईंनी यादी पुन्हा एकदा तपासली. "पीएचडीचा एकच जास्त," त्या म्हणाल्या.

या वेळी धर्मपाल हसले. रीनालाही हसू आलं, आणि त्याच वेळी पहिल्या दोन फेऱ्या गेल्या. उरल्यातल्या काळ्या नाकतोड्यांवर खुणा कमी होत्या की तिलाच कमी दिसल्या, हे सांगायला आता पुरावा नव्हता. ती माती पुन्हा मळली गेली होती. पाच फेऱ्या, सहाशे नाकतोडे, आणि अहवालात लिहिण्यासारखं त्यातलं काही नाही.

दुपारभर ती त्याच चाळीस नाकतोड्यांवर उपाय शोधत बसली. ब्रशने झटकलं तर मातीवर नव्या रेघा पडत. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून नाकतोडा नुसता बुडवला की धूळ वर तरंगत आली आणि माती तशीच राहिली. मग खोली अंधारी करून टॉर्च टेबलावर आडवी ठेवली. तिरप्या उजेडात खळगीची सावली पडते. शेवंताबाईंनी नवे चाळीस नाकतोडे घेऊन दुसऱ्यांदा दार लावलं आणि दुसरी यादी केली. दोघांनीही काळ्या दहापैकी दहा ओळखले.

रात्रीच्या जेवणाला धर्मपालांनी तो विषय काढला, जो त्यांनी शनिवारपासून काढला नव्हता.

"मले सिक लाइनवर टाकू नको," ते म्हणाले. सिक लाइन म्हणजे कारखान्यातला तो रूळ, जिथे नादुरुस्त वॅगन ओढून उभी करतात. "काय करायचं अन् काय नाई करायचं, ते कागदावर लिहून दे. तोंडी सांगितलेलं माणूस आपल्या मतानं करते."

रीनाने सात कलमं लिहून दिली. पहिलं कलम: नाकतोड्याला हात लावायच्या आधी जागेवरच चार बाजूंनी फोटो. दुसरं: उचलायचा तो तारेला धरून, मातीला बोट लागता कामा नये. सातवं: चूक झाली तर दुरुस्त करायची नाही, वहीत लिहायची. धर्मपालांनी सातव्याखाली स्वतःच्या पेनाने रेघ ओढली आणि कागद ट्रेच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवला.

सोमवारी संध्याकाळी रीना चौबे कॉलनीत डॉ. कौमुदी पाध्ये यांच्याकडे गेली. पाध्ये तिच्या पीएचडीच्या मार्गदर्शक, बारा वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या. प्रकल्पाच्या कागदांवर सल्लागार म्हणून त्यांचंच नाव आहे. त्यांनी सगळं ऐकलं आणि व्यवहाराची गोष्ट सांगितली. तीन फेऱ्या वगळ, कारण लिही. दोन फेऱ्या तुझ्या स्वतःच्या आहेत, त्या राहू देत. पहिल्या वर्षाच्या अहवालाला एवढं चालतं.

रीनाने कॅलेंडरचं पान त्यांच्यासमोर ठेवलं.

"दहापैकी चार, मॅडम. हे माझे डोळे आहेत."

पाध्येंनी यादी वाचली. पान उलटलं. दुसऱ्या बाजूला डिसेंबर होता आणि दूध न आलेल्या दिवसांवर फुल्या होत्या.

"टोचलं कोणी?"

"आईने."

"आणि कुठे टोचलंय, ते तुला माहीत नव्हतं?"

"नाही. तिने दार लावून घेतलं होतं."

"बरोबर केलंत." त्यांनी पान परत दिलं. "मार्चपर्यंत नव्या किती फेऱ्या होतील?"

"पाच."

"आणि त्या पाचांतून काहीच निघालं नाही तर?"

"तर तेच लिहीन."

समितीला अशी वाक्यं आवडत नाहीत, असं पाध्ये म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की मोजणार कोण, कारण मोजणाऱ्याला नाकतोडा कुठल्या जागेचा हे माहीत असता कामा नये. रीना म्हणाली की आईला विचारलंय, ती तयार आहे, फक्त सीरियलच्या वेळेत नाही. पाध्येंनी आणखी एक दुरुस्ती सुचवली. बाप आणि मुलगी यांनी दर फेरीला जागा बदलायची. एका फेरीला रीना उरल्यात आणि धर्मपाल भाठ्यावर, पुढच्या फेरीला उलट. म्हणजे कोणाच्या हाताची खोड एकाच जागेच्या हिशेबात जमा होणार नाही.

नवी पहिली फेरी एकोणीस जानेवारीला लागली. त्यानंतर दर नऊ-दहा दिवसांनी एक. सकाळी साडेपाचला घरून दोन गाड्या निघत, रीनाची स्कूटर आणि धर्मपालांच्या हाती प्रशिकची मोटारसायकल, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. शेवंताबाई टेबलावर टॉर्च आडवी ठेवून खुणा मोजत. ट्रेवर फक्त आकडे असत. हा माल उरल्याचा की भाठ्याचा, हे त्यांनी दोनदा विचारलं आणि दोनदाही त्यांना कोणी सांगितलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, पण स्वयंपाकघरात कढई जोरात आपटली.

तिसऱ्या नव्या फेरीत उरल्याच्या प्लॉटवर दुसऱ्या ओळीतले अकरा नाकतोडे मिळाले नाहीत. रीनाला आधी चोरीचा संशय आला. शेजारच्या गेटवरचा चौकीदार लहानू छत्तीसगढीत म्हणाला, "दीदी, फांफा मन ला कोन चोराही?" नाकतोडे कोण चोरणार, हा त्याचा सवाल बरोबर होता. रात्री एक ट्रक वळवताना प्लॉटवर चढला होता. टायरच्या खाचांमध्ये अकराही सापडले, पोळीसारखे. लहानूने विचारलं की हे पक्ष्याने खाल्ले असं लिहिता येणार नाही का. रीनाने वहीत 'हरवले' असा नवा रकाना आखला आणि अकरा नंबर त्यात घातले. पुढच्या फेरीपासून लहानू स्वतःहून प्लॉटच्या कडेला चार विटा ठेवू लागला.

एका फेरीला धर्मपालांकडून भाठ्यावरचा एक नाकतोडा हातातून खाली पडला. घरी आल्यावर त्यांनी खोकं उघडायच्या आधी वही उघडली. नोंद अशी आहे: "नं. ४४. माझ्या हातून पडला. डावी बाजू चेपली. हात लावला नाही. ध. नं."

पाच फेऱ्यांची बेरीज फेब्रुवारीत नाही, मार्चच्या पाच तारखेला झाली. पाचवी फेरी लांबली होती. उरल्यात दीडशे तपकिरी नाकतोड्यांपैकी बावन्नांवर खुणा होत्या. काळ्यांपैकी सदतिसांवर. ट्रकखाली गेलेले वेगळे. भाठ्यावर तपकिरी चाळीस, काळे सेहेचाळीस. फरक होता आणि अपेक्षेच्याच दिशेने होता. पण तो लहान होता. एकतीस विरुद्ध दोन याच्या जवळपासही नव्हता. भाठ्यावरचा फरक तर योगायोगाने पडला असंही म्हणता आलं असतं. रीनाने पाठ झालेला परिच्छेद खोडला आणि त्या जागी तीन वाक्यं लिहिली. पहिल्या पाच फेऱ्या रद्द केल्या आहेत. काळ्या जमिनीवरचा काळा नाकतोडा जसा पक्ष्याला दिसत नाही, तशीच काळ्या मातीवरची धूळ भरलेली खूण मोजणाऱ्यालाही दिसत नाही, म्हणून ही मोजणी फसवी होती. रविवारच्या परीक्षेचा तक्ता सोबत जोडला आहे.

पाध्येंनी अहवाल वाचून एकच बदल केला. 'फसवी'च्या जागी 'सदोष' केलं. रीनाने तो शब्द पुन्हा 'फसवी' केला आणि पाठवून दिला.

समितीची बैठक बारा मार्चला ऑनलाइन झाली. रीना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसली होती. मागच्या शेल्फवर आईची स्टीलची वाटी होती आणि तिच्यात ब्रश उभे होते. तीन सदस्य होते. एकाने विचारलं की म्हणजे वर्षभरापूर्वी तुम्ही जो निष्कर्ष अपेक्षित धरला होता, तो चूक होता का. रीना म्हणाली, चूक होता की नाही हे माहीत नाही, पण त्याचा जो पुरावा हाती होता तो चूक होता. दुसऱ्याने विचारलं की मदतनीस प्रशिक्षित का नव्हता. रीनाने सांगितलं की मदतनिसाला तीन गुण मिळाले आणि प्रशिक्षित व्यक्तीला चार. तिसऱ्या सदस्यांनी जोडलेला तक्ता उघडला. त्या म्हणाल्या की मातीचे नमुने वापरणाऱ्या इतरांच्या कामातही ही चूक असू शकते, हा तक्ता वेगळा छापायला हवा. सगळं मिळून अठरा मिनिटं.

निर्णय चार दिवसांनी आला. पूर्ण वर्ष मिळालं नाही. सहा महिने मिळाले, आणि अट अशी की सप्टेंबरच्या आत नव्या पद्धतीच्या किमान दहा फेऱ्या दाखवायच्या. रीनाने ईमेल दोनदा वाचला आणि कॅलेंडर काढलं. दहातल्या पाच झाल्या होत्या. मार्च संपला की दुपारचा पारा चाळिशीकडे जातो आणि माती मऊ होऊन बसते. तारेवरचा नाकतोडा संध्याकाळपर्यंत गोगलगाय होतो. उन्हाळ्याआधी फार तर दोन फेऱ्या बसत होत्या, बाकीच्या पावसाळ्यात, धूळ वाहून गेलेल्या जमिनीवर. तेव्हाची जमीन वेगळी असेल, हे तिने अटीच्या उत्तरात लिहून टाकलं. वेगळी असेल तर तुलनेला बरंच होईल, असंही लिहिलं.

घरी बातमी सांगितली तेव्हा धर्मपालांनी विचारलं, "म्हंजे पास का नापास?"

"सहा महिने अजून काम आहे, बाबा."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले, आणि साच्यात दाबायला मातीच्या कांड्या मोजून घेतल्या. काळ्या तीन कमी होत्या. दुसऱ्या दिवशी ते स्वतः गोल बाजारात जाऊन घेऊन आले. दुकानदाराने नातवंडं किती, असं विचारलं, तेव्हा त्यांनी एकशे वीस सांगितलं.

सहावी फेरी शनिवारी, एकवीस मार्चला लागली आहे. उद्या मंगळवार. धर्मपाल साडेपाचला उरल्याला निघतील, रीना त्याआधी दहा मिनिटं भाठ्याकडे. दोन्हीकडची उचल सहा वाजून वीस मिनिटांनी सुरू होईल. नाकतोडे एकशे वीस, फोटो चारशे ऐंशी. साडेदहाला रीनाचा प्रथम वर्षाचा वर्ग आहे, खोली क्रमांक नऊ.